ग्रहण पाळलं नाही म्हणून बाळ आंतरलिंगी?

"गरोदरपणी ग्रहणात बाहेर पडली, म्हणून मूल ना धड मुलगा ना मुलगी असं जन्मलं." गोव्यात पेडणे-सत्तरीकडे हे वाक्य माजघरातून व्हॉट्सॲपवर गेलं आणि त्या घरच्या सुनेला चिकटून राहिलं.

आधी पंचांग उघडा. सूर्य-चंद्राची मिळून वर्षाला किमान 4 ग्रहणं होतात, साधारण सहा-सहा महिन्यांनी. म्हणजे नऊ महिन्यांत एखादं येणारच, मग ते गोव्यातून दिसो वा न दिसो. शेजारणीच्या गरोदरपणातही आलं होतं, पण तिला कुणी विचारायला गेलं नाही.

गर्भाची जननेंद्रियं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत सारखीच असतात. पुढे गुणसूत्रं आणि हार्मोन्स त्यांना वळण देतात. त्यात फरक पडला की बाळ आंतरलिंगी जन्मतं. एका आनुवंशिक प्रकारात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुरुषी हार्मोन जास्त बनवतात. तिथे बहुधा आई आणि बाप दोघेही त्या दोषाचे वाहक असतात, स्वतः ठणठणीत. मग दर खेपेला बाळाला हा विकार होण्याची शक्यता चारात एक. दोष एकट्या सुनेचा कसा?

गुणसूत्रांची व हार्मोन्सची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी केली की अनेकदा कारण कळतं. वरच्या प्रकारात शरीरातलं मीठ निघून जाऊन पहिल्या काही आठवड्यांतच बाळाच्या जिवावर बेतू शकतं. रोजच्या गोळ्यांनी ते टळतं. देवळात कौल घ्यायचा तर घ्या, पण आधी इस्पितळ गाठा. नुसत्या दिसण्यासाठी ऑपरेशनची मात्र घाई नको; मूल मोठं झालं की त्यालाच विचारता येतं.