माहितीपट करून घेण्याआधी

आमचा स्टुडिओ रत्नागिरीचा. विज्ञान आणि इथलं लोकजीवन एवढ्याच विषयांवर आम्ही माहितीपट करतो. ग्रामपंचायती, शाळा-कॉलेजं, संशोधक, मच्छीमार सोसायट्या हे आमचे ग्राहक. लग्नाची शूटिंग घेत नाही. विचारणा मात्र दर मे महिन्यात होतेच.

पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'मिनिटाला किती?' असा येतो. मिनिटाचा भाव आमच्याकडे नाही, कारण खर्च मुक्कामाचा असतो. कासवांचंच घ्या. ऑलिव्ह रिडलेची अंडी किनाऱ्यावरून उचलून कुंपणातल्या हॅचरीत पुरली, की पिल्लं वर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. वाळू किती तापते त्यावर दिवस मागेपुढे होतात आणि पिल्लू नर की मादी हेही त्याच उष्णतेवर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त. त्यामुळे नक्की तारीख कुणालाच सांगता येत नाही. वेळास गावच्या किनाऱ्यावर पहाटे घरट्यावरची टोपली उचलावी आणि खाली नुसती वाळू असावी, असं सर्रास होतं. त्या सकाळीही जेवणखाण, गाडी आणि माणसांची मजुरी चालूच असते. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून आम्ही दिवे किंवा फ्लॅश वापरत नाही. दृश्य अंधुक येईल, ते तसंच स्वीकारावं लागेल.

कातळशिल्पांचं गणित वेगळं. पावसाळ्यात सडा, म्हणजे कातळाचं पठार, गवताने झाकलेला असतो आणि भर दुपारी रेषा दिसतच नाहीत. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं. कशेळीच्या हत्तीसारखं मोठं शिल्प जमिनीवरून कळतच नाही, तिथे ड्रोन हवाच. ड्रोनसाठी जागा सरकारी हवाई नकाशात कुठल्या झोनमध्ये येते ते आधी तपासतो. हिरव्या, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या झोनमध्येसुद्धा 120 मीटरच्या वर उडवता येत नाही, त्यामुळे 'अजून वर न्या' हा आग्रह धरू नका. ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत, पण त्यांच्या काळाबद्दल संशोधकांचं एकमत नाही. निवेदनात 'इतक्या हजार वर्षांपूर्वीची' असं ठोकून द्यायला सांगितलंत, तर आम्ही नाही म्हणू.

खाडीतली कालवं किंवा तिसऱ्या (दोन्ही शिंपल्यांचे प्रकार) काढणाऱ्या बायकांचं चित्रण ओहोटीवर अवलंबून. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर मागे जातं; अष्टमीच्या आसपास, भांगाला तेवढं जात नाही. म्हणून शूटिंगच्या तारखा आम्ही तिथीवरून काढतो, तुमच्या सुट्टीवरून नाही.

कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाची संमती घेतो. कागद वाचून दाखवतो, मग सही. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, आधी त्या गावात दाखवतो, नंतर तुम्हाला. काही ग्राहकांना हा क्रम रुचत नाही, पण तो बदलत नाही. एखाद्याने 'माझं ते बोलणं काढा' म्हटलं, तर काढतो. शास्त्रीय भाग त्या विषयाचा जाणकार तपासतो आणि त्याचं मानधन अंदाजपत्रकात वेगळं लिहिलेलं असतं. माणसं मालवणीत किंवा संगमेश्वरीत बोलली तर तसंच ठेवतो, खाली प्रमाण मराठीत सबटायटल्स देतो. वर दुसऱ्याचा आवाज चढवत नाही.

पैसे तीन हप्त्यांत: काम ठरल्यावर, शूटिंग संपल्यावर आणि फिल्म हातात मिळाल्यावर. दोन वेळा बदल विनामूल्य. रॉ फुटेज हवं असेल तर हार्ड डिस्क तुमची.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ओटीवर जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसाला तेव्हाच बोलायला सवड असते, म्हणून मच्छीमारांच्या मुलाखती आम्ही पावसातच घेतो. घर मात्र कौलारू शोधतो. पत्र्यावरचा पाऊस माइकला शब्द ऐकू देत नाही. उरलेला वेळ एडिटिंगला जातो. कासवांच्या किंवा सड्यावरच्या कामासाठी याच दोन महिन्यांत येऊन बोलावं. दिवाळीनंतर आलात तर त्या हंगामाचं काम बहुधा घेता येणार नाही.