मोटरसायकलवरील कॅमेरा-जोडणी

मोटरसायकलवरील कॅमेरा-जोडणी : धावत्या मोटरसायकलवरून प्रवासाचे चित्रण करण्यासाठी ॲक्शन कॅमेरा (हालचालीत वापरायचा छोटा, दणकट कॅमेरा) हेल्मेटवर, छातीच्या पट्ट्यावर किंवा गाडीच्या सांगाड्यावर पक्का बसविण्याची पद्धती. सातारा जिल्ह्यात व त्याच्या सीमेवर यवतेश्वर, पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली असे घाटरस्ते असल्याने हौशी चालकांत ती रूढ आहे.

हेल्मेटवर कॅमेरा प्रथम कोणी बांधला, याविषयी एकमत नाही. मोटार शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट यांचे हेल्मेटवर कॅमेरा बांधलेले, साधारणतः १९६६ च्या सुमाराचे एक छायाचित्र पुराव्यादाखल नेहमी दिले जाते. तथापि तो कॅमेरा स्थिरचित्रांचा होता आणि प्रत्यक्ष शर्यतीत वापरला गेला असे मानण्यास आधार नाही. दुसऱ्या मतानुसार हा मान अमेरिकन चित्रणकार मार्क शुल्झ यांच्याकडे जातो. त्यांनी १९८७ च्या आसपास मोटरसायकलच्या हेल्मेटवर व्हिडिओ कॅमेरा बसवून त्याची वायर पाठीवरच्या पिशवीतील रेकॉर्डरला जोडली. चित्रण मात्र डोंगरी सायकलींचे केले. आजच्या प्रथेशी हीच मांडणी अधिक जुळते. निक वुडमन यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा (२००४) ३५ मिमी. फिल्मचा व मनगटावर बांधायचा होता, म्हणजे हेल्मेटशी त्याचा संबंधच नव्हता. याच कंपनीच्या दोन व तीन बोटे (बोटांसारखे दाते) एकमेकांत अडकवून ५ मिमी. व्यासाच्या स्क्रूने आवळायच्या सांध्याचे पुढे इतर उत्पादकांनीही अनुकरण केले. ही बोटे हीरो ८ (२०१९) पासून कॅमेऱ्याच्या तळाशीच घडी होऊन येतात.

जोडणीचा खरा प्रश्न हादऱ्यांचा आहे. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) एक-सिलिंडर इंजिनाचा क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पिस्टनच्या वरखाली होण्याने सेकंदाला ५० हादरे बसतात. स्फोट मात्र २५ च होतात. कॅमेऱ्याचा संवेदक (सेन्सर) संपूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. एक चित्र वाचून होण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असे धरल्यास तेवढ्यात हादऱ्याचे अर्धे आवर्तन उरकते. परिणामी एकाच चित्रात वरच्या ओळी एका जागी आणि खालच्या दुसऱ्या जागी नोंदल्या जातात व रस्ता जेलीसारखा थरथरताना दिसतो. जायरोस्कोपच्या (कॅमेऱ्याचे वळणे-कलणे मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींवरून चित्र सावरणारी आज्ञावली (गोप्रोमध्ये हायपरस्मूथ, २०१८ पासून) खड्ड्यांचे व वळणांचे मोठे, संथ धक्के उत्तम झाकते. पण चित्राच्या आतच पडलेला हा बाक तिला पुरता काढता येत नाही. हँडलला क्लॅम्प लावून त्यावर लांब दांडी जोडली तर थरथर वाढते, म्हणून दांडी जितकी आखूड तितकी बरी. जुन्या ३५० सीसी बुलेटवर हा दोष ठळक दिसतो; रॉयल एनफिल्डच्या २०२० नंतरच्या ३५० सीसी इंजिनांत तोलदंड (हादऱ्यांचा तोल साधणारा फिरता दांडा) बसविल्याने तो बराच कमी झाला. कॅमेऱ्याऐवजी मोबाइल हँडलवर लावणाऱ्यांसाठी ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेला इशारा लक्षात घेण्याजोगा आहे : शक्तिशाली मोटरसायकल इंजिनांच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते.

मनुष्याची मान व खांदे हे हादरे आपोआप शोषतात. त्यामुळे फुल-फेस हेल्मेटच्या हनुवटीवरील जोडणी (चिन माऊंट) जाणकार सामान्यतः श्रेयस्कर मानतात. तीत हँडल, आरसे व रस्ता डोळ्यांना दिसतात जवळजवळ त्याच उंचीवरून येतात. हेल्मेटच्या माथ्यावरील जोडणी वाऱ्याचा रेटा मानेवर घेते. बाजूची जोडणी चित्र तिरके करते. क्रॅशगार्ड किंवा मागच्या चाकाजवळील जोडणी प्रेक्षणीय खरी, पण तेथे कॅमेऱ्यास स्वतंत्र दोरी बांधणे अगत्याचे.

चिकटपट्टी (व्हीएचबी नावाची मजबूत दुहेरी पट्टी) लावण्यापूर्वी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो आणि लावल्यानंतर ती निदान २४ तास न हाताळता ठेवावी लागते. महाबळेश्वर-कासच्या पावसाळी दमटपणात ही पट्टी घाईने लावणे व्यर्थ होय. हनुवटीच्या टोकदार आकारावर सपाट बैठक बसत नाही म्हणून काही जण एमसीलने भर घालतात. याला सुरक्षेच्या दृष्टीने आक्षेप आहे : आपटल्यावर जोडणी निखळून पडावी, हेल्मेटला धरून राहू नये, हे तत्त्व कठीण झालेल्या भरावाने मोडते. जोडणी मुळातच धोकादायक आहे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. २०१३ मध्ये मोटार शर्यतपटू मायकेल शूमाखर यांच्या हेल्मेटवर स्कीइंग अपघाताच्या वेळी कॅमेरा होता, तेव्हापासून हा वाद वाढला; त्या कॅमेऱ्याने इजा वाढली असे सिद्ध झालेले नाही. भारतात दुचाकी हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक १ जून २०२१ पासून सक्तीचे आहे. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरील कॅमेऱ्याविरुद्ध कारवाईचा इशारा दिला होता.

स्थानिक अडचणींत धुके प्रमुख. यवतेश्वर घाट चढून कासच्या पठाराकडे जाताना कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचाची काच आतून धूसर होते. कवचात आर्द्रता शोषणाऱ्या पट्ट्या ठेवणे हा रूढ उपाय. बाहेरचे थेंब हातमोज्याने पुसण्याची सवय भिंगावर ओरखडे आणते. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडताच चित्र काही क्षण पांढरे पडते, ते स्वयंचलित प्रकाशमापनामुळे. हनुवटीवरील कॅमेरा चालकास दिसत नसल्याने चित्रण चालू असल्याचा लाल दिवा आरशात पाहण्याची रीत आहे. ही रीत गाडी उभी असतानाच पाळावी.