पार्श्वभूमी : शार्पनर सुऱ्यांच्या पंगतीत कसा बसला

२२ सप्टेंबर २०२५ पासून शार्पनरवरचा जीएसटी शून्य झाला. म्हापसा-मडगावच्या स्टेशनरीवाल्यांनी त्याचं फारसं कौतुक केलं नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे. तीन-सव्वातीन वर्षांत या एवढ्याशा वस्तूचा दर तीनदा हलला : आधी वर, मग खाली, मग थेट शून्यावर. इतकी ओढाताण पेन्सिलीच्याही वाट्याला आली नाही.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. चाकूने टोक काढण्यातून सुटका करणारं पेटंट फ्रान्समध्ये १८२८ साली एका गणितज्ञाने घेतलं. दांडा फिरवायचं आणि भुसा पोटात साठवणारं छोटं यंत्र अमेरिकेत १८९७ साली नोंदवलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये धातूच्या शार्पनरचा धंदा उभा राहिला. दप्तरातला आजचा शार्पनर त्याच घराण्यातला.

हा सुताराचा रंधाच, फक्त इथे पातं जागेवर राहतं आणि लाकूड फिरतं. आतलं भोक निमुळतं असतं. पातं एकाच बाजूने धार काढलेलं, एका स्क्रूने आवळलेलं, आणि त्याची धार भोकाच्या उतारावर कडेने टेकलेली. पेन्सिल फिरली की धारेखालची पातळ साल फटीतून बाहेर पडते; षटकोनी पेन्सिलीची असेल तर रंगीत, नागमोडी काठाची. फट जरा जास्त झाली की साल जाड निघते, जोर वाढतो आणि शिसं मोडतं. मुलांच्या तक्रारी पेन्सिलीबद्दल असतात, दोष बहुतेकदा बोथट पात्याचा किंवा सैल स्क्रूचा असतो. प्लास्टिकच्या अंगात स्क्रूचे आटे लवकर झिजतात, म्हणून तिथे हे जास्त घडतं.

अंग प्लास्टिकचं, पितळेचं, अ‍ॅल्युमिनियमचं किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. मॅग्नेशियम घनसेंटिमीटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, पितळ साडेआठच्या. हातात घेताच फरक कळतो. पातं मात्र कडक केलेल्या कार्बन पोलादाचं, आणि आमच्या हवेत तेच नडतं. जूनमध्ये घेतलेल्या प्लास्टिकच्या शार्पनरच्या पात्यावर चवथीच्या सुट्टीपर्यंत तांबूस ठिपके उठतात. मॅग्नेशियमचा शार्पनर खाऱ्या पाण्यात टाकला तर उलटं होतं : पातं शाबूत राहतं, अंगच बुडबुडे सोडत झिजायला लागतं. पोलादाऐवजी जस्त झिजावं म्हणून ट्रॉलरच्या पंख्याजवळ त्याचे तुकडे बसवतात ते याच तत्त्वावर.

आता कराचं. सगळा घोळ या पात्यातून सुरू झाला. जकातीसाठी जगभर चालणाऱ्या आणि जीएसटीने उचललेल्या वर्गीकरणात पेन्सिल ९६०९ क्रमांकाखाली येते. शार्पनर येतो ८२१४ खाली, कागद कापायच्या सुऱ्यांसोबत, आणि वर्गीकरणातलं हे प्रकरण हत्यारं, सुऱ्या, चमचे, काटे यांचं. अंग प्लास्टिकचं असलं तरी सुटका नाही. काम करणारी धार धातूची असली की वस्तू याच प्रकरणात. दांड्याचं टेबलावरचं यंत्र तर ८४७२ मध्ये, कार्यालयीन यंत्रांत, स्टेपलिंग यंत्रांच्या शेजारी.

२०१७ साली शार्पनरला १२ टक्के लागले, पेन्सिलीलाही तेवढेच. पाटी आणि पाटीवरची पेन्सिल पहिल्यापासून करमुक्त. सप्टेंबर २०१९ मध्ये जीएसटीचे दर ठरवणाऱ्या परिषदेची बैठक गोव्यातच झाली, पण गाजले ते हॉटेलच्या खोल्यांवरच्या कराचे दर. शार्पनर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. जून २०२२ च्या चंदीगडच्या बैठकीत सुऱ्या, चमचे, काटे १८ टक्क्यांवर नेले, आणि त्यांच्याच पंगतीत बसलेला शार्पनरही १८ जुलैपासून वर गेला. ‘पेन्सिल महागली’ अशी ओरड झाली. पेन्सिलीचा दर १२ वरच होता. वाढला होता तो तिला टोक काढणाऱ्याचा. शाळेची वस्तू निव्वळ क्रमांकाच्या शेजारामुळे स्वयंपाकघरात ढकलली गेली, याचं समर्थन करणं कठीण आहे. वाढ करणाऱ्यांची बाजू अशी की कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर हा उलटा प्रकार सरळ करायचा होता. ती अगदीच खोटी नाही.

पैशांत पाहिलं तर १२ टक्क्यांसकट पाच रुपयांचा शार्पनर १८ टक्क्यांनी साधारण पाच रुपये सत्तावीस पैशांचा होतो. पंचवीस पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेरीस चलनातून गेलेलं. म्हणजे दुकानदाराने किंमत तीच ठेवून फरक आपल्या नफ्यातून सोसायचा, नाहीतर सरळ एक रुपया वाढवायचा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शार्पनर एकटा उचलून पुन्हा १२ वर आणला. सुऱ्या १८ वरच राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पेन्सिल, वह्या, नकाशे, खोडरबर यांच्यासोबत तो शून्यावर आला, आणि ८२१४ मध्ये असूनही अखेर शाळेच्या यादीत बसला. मात्र माल करमुक्त झाला की कारखानदाराला पोलाद आणि प्लास्टिक घेताना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर किमतीतच मुरतो. म्हणून १२ चे शून्य झाले तरी किंमत तेवढी उतरत नाही.