उच्च रक्तदाब : आहार आणि दिनचर्या

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांच्या भिंतींवर दाब देते. हा दाब सतत चढा राहिला की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. भारतात साधारणपणे १४०/९० मिमी पारा ही सीमा धरतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही आणि खरा धोका तोच आहे. ‘मला काही होत नाही’ म्हणत वर्षे निघून जातात आणि आजार कळतो तो पक्षाघाताच्या झटक्याने. म्हणून तिशीनंतर दाब मोजून घेण्याची सवय ही या विकारातली पहिली सवय.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू टाळावी. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. दवाखान्याचा जिना चढून आल्याबरोबर घेतलेल्या एका आकड्यावर निदान करणे चुकीचे. वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी पाहाव्यात.

सवयींपैकी सर्वाधिक लक्ष मिठाकडे द्यायला हवे. मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रोहिण्यांवरचा ताणही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत, मीठ खावे. भारतात प्रत्यक्ष खाणे यापेक्षा बरेच जास्त आहे. पाश्चात्त्य देशांत ते मुख्यतः पाकिटबंद पदार्थांतून पोटात जाते. आपल्याकडे मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातच पडतो. याचा अर्थ ते कमी करणेही घरातच शक्य आहे.

मराठी ताटात मीठ डावीकडे वाढतात, पण चिमूटभर दिसणारे ते मीठ फारसे गुन्हेगार नाही. भातात, कणकेत, आमटीत, भाजीत आणि कोशिंबिरीत ते वेगवेगळे पडलेले असते. त्यावर लोणचे, ठेचा, पापड, सांडगी मिरची. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि तोही सोडियमचाच क्षार. किनारपट्टीवर सुकट आणि खारवलेल्या बोंबलांची भर पडते. उपवासाचे सैंधव सौम्य असते हा समज निराधार आहे, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. भात आणि कणीक बिनमिठाची केली तर कुणाला फारसे कळतही नाही. आमटी-भाजीची चव आमसूल, लिंबू, लसूण, कोथिंबीर सांभाळून घेतात. जीभ काही आठवड्यांत सरावते. एकट्या आजाऱ्यापुढे अळणी पान वाढण्याची रीत मात्र सोडावी. तो कंटाळतो, आणि कमी मीठ घरातल्या सगळ्यांच्याच हिताचे असते.

मीठ कमी करण्याइतकेच पोटॅशियम वाढवणे उपयोगी पडते. डाळी, पालेभाज्या, केळी, शहाळे, ताक (बिनमिठाचे) यांतून ते मिळते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ (उच्च रक्तदाब रोखणारा आहार) या चाचणीत भाज्या, फळे आणि कमी चरबीचे दूधदुभते भरपूर असलेला आहार दिला गेला. मीठ आणि वजन बदलू न देताही, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ मिमीने उतरला. ग्रामीण चीनमधील ६०० गावांत नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ वापरून पाहिले गेले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

वजन किलोभर उतरले की वरचा आकडा साधारण १ मिमीने खाली येतो. आठवड्याला दीडशे मिनिटे झपाझप चालणे, दारू टाळणे, पुरेशी झोप यांचाही फायदा होतो. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाची झोपेतल्या श्वासरोधासाठी तपासणी करावी. तंबाखू, मग ती मिश्री असो वा विडी, हृदय व रोहिण्यांचे वेगळे नुकसान करते. सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दाब वाढवतात, आणि खोकल्यासाठी रोज चघळलेले ज्येष्ठमधही; डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

‘गोळी एकदा लागली की सुटत नाही’ या भीतीपायी अनेक जण ती सुरूच करत नाहीत. सवयी बदलल्याने काहींची मात्रा कमी होते, क्वचित गोळी थांबतेही, पण तो निर्णय नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. औषधांच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे : डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाविषयीचा शोधनिबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि ही भारतीय वनस्पती जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. सरकारी आरोग्य केंद्रांत ठरलेल्या क्रमाने औषधे देणे आणि रुग्णांचा पाठपुरावा ठेवणे हे त्याचे सूत्र.

दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.