अपात्र, पण निलंबित नव्हे : एनएचएलच्या दारावरचा न लिहिलेला नियम

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची लीग; आपल्या मैदानी हॉकीचा यात संबंध नाही. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी तिच्यातल्या बॉस्टन ब्रुइन्स संघाने मिचेल मिलर या वीस वर्षांच्या बचावपटूशी करार केला. दुसऱ्याच दिवशी फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात, तिथे भरलेल्या सामन्यांच्या निमित्ताने आलेले लीगचे आयुक्त गॅरी बेटमन पत्रकारांना म्हणाले की, हा खेळाडू सध्या एनएचएलसाठी पात्र नाही आणि पुढे कधी होईल हेही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी ब्रुइन्सने त्याच्याशी संबंध तोडले.

मिलरचा भूतकाळ लपून राहिलेला नव्हता. चौदा वर्षांचा असताना त्याने ओहायोमध्ये बौद्धिक विकासाची अडचण असलेल्या एका कृष्णवर्णीय वर्गमित्राचा छळ केला होता आणि २०१६ मध्ये बाल न्यायालयात गुन्हाही कबूल केला होता. २०२० च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) अ‍ॅरिझोना कायोटीजने त्याला चौथ्या फेरीत घेतले आणि बोभाटा झाल्यावर काही आठवड्यांत सोडले. त्यामुळे बॉस्टनने सगळे माहीत असून सही केली. ड्रेसिंग रूममधून नाराजी उघड झाली, कर्णधार पॅट्रिस बर्जेरॉननेही ती बोलून दाखवली. हे समजण्यासारखे आहे. न समजणारी गोष्ट वेगळीच : 'अपात्र' हा शब्द आला कुठून? अमुक वर्तन केलेल्याला लीगचे दार बंद, असे कलम एनएचएलच्या नियमांत दाखवता येत नाही. 

बर्फाबाहेरच्या वर्तनाकडे या लीगने आजवर कसे पाहिले, ते वाचताना जुन्या दोन घटना शेजारी ठेवाव्यात. १९४८ मध्ये लीगचे तेव्हाचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी खेळाडू बिली टेलर आणि डॉन गॅलिंजर यांना हॉकीवर पैजा लावल्याबद्दल लीगमधून कायमचे हाकलले. डेट्रॉइटच्या एका सट्टेबाजाशी त्यांचे धागे जुळले होते. ती बंदी उठायला १९७० साल उजाडले, म्हणजे बावीस वर्षे. दोघांचीही खेळायची वये केव्हाच सरली होती.

आता १९८४. ब्रुइन्सचाच क्रेग मॅकटॅव्हिश दारू पिऊन गाडी चालवत होता, अपघातात एक तरुणी मेली. त्याने गुन्हा कबूल केला, वर्षभर तुरुंगात राहिला आणि एका हंगामाला मुकला. बाहेर आल्यावर १९८५ मध्ये एडमंटन ऑइलर्सने त्याला घेतले. पुढे त्याने चार वेळा स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकले, नंतर त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. आज त्याची आठवण बहुतेकांना हेल्मेटशिवाय खेळणारा शेवटचा खेळाडू म्हणून असते. शिक्षा न्यायालयाने दिली, लीगने वर आपली बंदी घातली नाही. सट्ट्याने खेळाचा धंदाच बुडू शकतो, म्हणून तिथे लीग कठोर. बाकीचे पोलीस आणि कोर्ट बघतील, असा तो हिशेब होता. मला तरी दुसरा अर्थ लागत नाही.

ड्रग्जच्या बाबतीत लीगने स्वतः हात उगारला. गोलरक्षक ग्रँट फ्युरने पूर्वी नशा केल्याचे कबूल केले तेव्हा, १९९० मध्ये, अध्यक्ष जॉन झिगलर यांनी त्याला वर्षभरासाठी बाहेर बसवले. तो फेब्रुवारी १९९१ मध्ये परतला. १९९६ पासून लीग आणि खेळाडू संघटनेचा संयुक्त उपचार कार्यक्रम आहे, त्यामुळे आता स्वतःहून मदत मागणाऱ्याला आधी उपचार मिळतात.

घरगुती आणि लैंगिक हिंसेसाठी मात्र असे काही उभे राहिले नाही. २०१४ मध्ये रे राइस या फुटबॉलपटूने होणाऱ्या बायकोला मारहाण केल्याच्या प्रकरणानंतर अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलने आणि २०१५ मध्ये बेसबॉलने स्वतंत्र धोरणे लिहून काढली. एनएचएलने प्रत्येक प्रकरण ज्याचे त्याचे बघू, असेच धरले. कायद्याचा आधार दोन जागी आहे. एक म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या ठरावीक करारनाम्यातले, मैदानात आणि बाहेर सचोटीने वागण्याचे वचन. दुसरे म्हणजे लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक करारातले १८-अ कलम, ज्यात आयुक्तांना चौकशी, सुनावणी, दंड आणि निलंबनाचा अधिकार आहे. चौकशी चालू असताना तात्पुरते बाजूला ठेवण्याची सोयही त्यात आहे. पण आयुक्तांच्या शिक्षेवर खेळाडूला तटस्थ लवादाकडे दाद मागता येते. या प्रकरणांत ही एक ओळ लीगला फार महाग पडते.

लॉस एंजेलिस किंग्जच्या स्लावा व्हॉयनोव्हचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये घरगुती हिंसेच्या आरोपाखाली त्याला अटक झाली आणि त्याच दिवशी निलंबनही. खटला संपल्यावर तो रशियाला गेला, २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकून आला आणि एनएचएलमध्ये परतायला निघाला. लीगने त्याला २०१९-२० च्या पूर्ण हंगामासाठी निलंबित केले. लवाद श्याम दास यांनी शिक्षा योग्य ठरवली, पण आधी भोगलेले ४१ सामने त्यातून वजा केले. नॅशव्हिलचा ऑस्टिन वॉटसन २०१८ मध्ये २७ सामन्यांसाठी निलंबित झाला होता, तिथेही दास यांनी २७ चे १८ केले. निलंबन म्हटले की असा हिशेब तपासला जातो. अपात्र म्हटले की?

हा प्रश्न पाच जणांनी पुढे आणला. जून २०१८ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरात, कॅनडाच्या ज्युनियर विश्वविजेत्या संघाच्या सत्कारानंतर हॉटेलात लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप होता. हॉकी कॅनडा या तिथल्या राष्ट्रीय हॉकी संस्थेने २०२२ मध्ये दिवाणी दावा गुपचूप मिटवला. ते बाहेर आल्यावर प्रायोजक पळाले आणि ऑक्टोबरमध्ये प्रमुखासह अख्खे संचालक मंडळ गेले. २०२४ च्या सुरुवातीला त्या संघातल्या कार्टर हार्ट, मायकेल मॅक्लाउड, डिलन दुबे, कॅल फूट आणि अ‍ॅलेक्स फॉर्मेंटन यांच्यावर गुन्हे दाखल झाले. पैकी चौघे तेव्हा एनएचएलमध्ये होते. ते रजेवर गेले आणि त्या उन्हाळ्यात त्यांचे करार संपले. २४ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती मारिया कॅरोचिया यांनी पाचही जणांना निर्दोष सोडले. लीगने त्याच दिवशी सांगितले की, वर्तन गुन्हा ठरले नसले तरी अस्वीकारार्ह आहे आणि निर्णय होईपर्यंत हे पाच जण अपात्र. खेळाडू संघटनेने लगेच हरकत घेतली : आधीच एका पूर्ण हंगामाहून जास्त काळ गेला आहे, सुटल्यावरही बाहेर ठेवणे सामूहिक करारातल्या शिस्तीच्या पद्धतीशी जुळत नाही.

कोर्टाने सोडले तरी क्रीडा संस्था दार लावून बसते, हे आपल्याला नवे नाही. मुंबईचा क्रिकेटपटू अंकित चव्हाण याला दिल्लीच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये स्पॉट फिक्सिंगच्या खटल्यातून वगळले, तरी बीसीसीआयची बंदी कायम राहिली. तिथे निदान बंदी 'बंदी'च होती, त्याच प्रकरणातल्या श्रीशांतला तिच्या विरोधात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आले.

११ सप्टेंबर २०२५ रोजी एनएचएलने तोडगा जाहीर केला. जवळपास वीस महिने ते बाहेर राहिल्याचे लक्षात घेऊन १५ ऑक्टोबरपासून करार करता येईल आणि १ डिसेंबरपासून खेळता येईल. हार्टला वेगास गोल्डन नाइट्सने घेतले, डिसेंबरच्या सुरुवातीला तो गोलपोस्टसमोर उभा राहिला. तारखा मिळाल्यावर संघटनेनेही ताणले नाही. त्यामुळे करार हातात नसलेल्या खेळाडूला १८-अ लागू होते का, आणि 'अपात्र' ठरवल्यावर दाद कुठे मागायची, हे लवादापुढे गेलेच नाही.