ओल्ड बॉईजचे क्रिकेट क्लब आले कुठून, आणि मुंबईत ते का रुजले नाहीत

आपल्याकडे दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, पंचवीस वर्षांनी एखादं गेट-टुगेदर होतं, फारच उत्साही मंडळी असतील तर डिसेंबरात बॅचवाइज टेनिस बॉल टुर्नामेंट. पण शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा (तिकडे त्यांना ओल्ड बॉईज म्हणतात) रीतसर क्रिकेट क्लब, दीडशे वर्षं जुना, स्वतःचे रंग, टाय, ब्लेझर, वर्षभराच्या मॅचेसचं छापील कार्ड, हे सगळं मूळचं इंग्लंडचं. ईटन रॅम्बलर्स, हॅरो वॉन्डरर्स, अपिंगहॅम रोव्हर्स, रेप्टन पिलग्रिम्स ही नावं जुन्या क्रिकेटपटूंच्या चरित्रांत सारखी भेटतात आणि हे नक्की कोण लोक ते कोणी सांगत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात शाळांच्या मॅचपासूनच करावी लागते. ईटन विरुद्ध हॅरो ही मॅच १८०५ मधे लॉर्ड्सवर झाली, म्हणजे आत्ताच्या नाही, डॉर्सेट स्क्वेअरच्या जुन्या लॉर्ड्सवर. हॅरोकडून कवी बायरन खेळला होता, पायात दोष असल्यामुळे त्याला रनर दिला होता. नंतर मित्राला पत्र लिहिताना त्याने स्वतःचे रन ११ आणि ७ असे कळवले, स्कोअरबुकात मात्र ७ आणि २ आहेत :) ईटनने डावाने धुतलं आणि संध्याकाळी दोन्हीकडची पोरं दारू पिऊन हेमार्केटच्या थिएटरात जाऊन गोंधळ घालून आली. म्हणजे शाळेची मॅच, मग जेवण-पिणं, मग दंगा, आणि पुढच्या वर्षी परत भेटू, हा साचा क्लब निघायच्या कितीतरी आधी तयार होता.

क्लब कशासाठी लागला? तिकडच्या या मोठ्या शाळा म्हणजे बोर्डिंग. पोरगा लहान वयात घर सोडून जाणार, सगळी ओळखपाळख, मैत्री, दुष्मनी तिथेच होणार, आणि अठराव्या वर्षी एकदम बाहेर पडणार. पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिज, मग सैन्य, चर्च, वकिली, पार्लमेंट नाहीतर वडिलांची इस्टेट. यातल्या बऱ्याच लोकांना उन्हाळ्यात भरपूर वेळ मोकळा असायचा आणि ओळखीपाळखीत कोणा ना कोणाच्या हवेलीसमोर मैदान असायचंच. मग आठवडाभर तिथे मुक्काम ठोकायचा, दिवसा क्रिकेट, रात्री मेजवानी. याला कंट्री हाऊस क्रिकेट म्हणायचे. अशा क्रिकेटला स्वतःचं मैदान लागत नाही, ग्राउंडस्टाफ लागत नाही, लागतात ती फक्त अकरा ओळखीची माणसं. आणि अकरा ओळखीची माणसं मिळायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे जुनी शाळा.

१८४५ मधे आय झिंगारी निघाला, तो एका शाळेचा क्लब नव्हे पण याच मुशीतला. हॅरोच्या शाळेविरुद्ध मॅच खेळून आल्यावर जेवणाच्या टेबलावर तो ठरला, ठरवणाऱ्यांत फ्रेडरिक पॉन्सनबी आणि जे. एल. बाल्डविन होते, रंग काळा, लाल, सोनेरी, मैदान नाही. नियम पण मजेशीर, प्रवेश फी शून्य आणि वर्गणी प्रवेश फीपेक्षा जास्त असू नये. ऐकायला फुकट, पण आत जायचं तर ओळख पाहिजे आणि ओळख पैशांनी मिळत नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या ओल्ड बॉईज क्लबांचं गणित याच एका नियमात बसतं.

ईटन रॅम्बलर्स १८६२ चा, अपिंगहॅम रोव्हर्स १८६३ चा. हॅरो वॉन्डरर्स नावारूपाला आणला तो आय. डी. वॉकरने, जो मिडलसेक्सचा कॅप्टन पण होता. यातला अपिंगहॅमचा किस्सा सगळ्यात इंटरेस्टिंग आहे कारण ती शाळा ईटन-हॅरोसारखी बड्यांची नव्हतीच. एडवर्ड थ्रिंग नावाचा हेडमास्तर १८५३ मधे आला आणि एका आडगावच्या छोट्या शाळेची त्याने नामांकित शाळा केली. क्रिकेटचं वेड मात्र थ्रिंगपेक्षा माजी विद्यार्थ्यांना जास्त. त्यांच्यातला सी. ई. ग्रीन, जो नंतर एसेक्सच्या क्रिकेटचा आधारस्तंभ झाला, त्याच्या पुढाकाराने १८७२ मधे एच. एच. स्टीफन्सन हा व्यावसायिक कोच म्हणून शाळेत आला. स्टीफन्सन म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, १८६१-६२ मधे इंग्लंडची पहिली टीम ऑस्ट्रेलियाला गेली तिचा हा कॅप्टन, आणि १८५८ मधे शेफील्डला लागोपाठ तीन बॉलवर तीन विकेट घेतल्या म्हणून ज्याला हॅट बक्षीस मिळाली, ज्यावरून हॅटट्रिक म्हणतात, तो पण हाच. पाचसहा वर्षांत ए. पी. लुकस, डब्ल्यू. एस. पॅटरसन, डी. क्यू. स्टील, एस. एस. शुल्झ अशी पोरं थेट केंब्रिजच्या टीममधे. म्हणजे इथे क्लब शाळेतून निघालाच पण उलट शाळेचं क्रिकेटही माजी विद्यार्थ्यांनी घडवलं, आणि तयार झालेली पोरं परत रोव्हर्सकडून खेळायला. या वर्तुळात कोच व्यावसायिक होता हे लक्षात ठेवा, त्याने शिकवलं सगळ्यांना, पण असल्या क्लबात मेंबर म्हणून त्याला जागा नव्हती.

लुकस आणि शुल्झ दोघेही १८७८-७९ मधे लॉर्ड हॅरिसच्या टीमबरोबर ऑस्ट्रेलियाला गेले. टॉम एमेट आणि जॉर्ज युलियेट हे यॉर्कशायरचे दोनच व्यावसायिक, बाकी सगळे अॅमॅच्युअर (पैसे न घेता खेळणारे), म्हणजे बहुतेक याच शाळांचे ओल्ड बॉईज. हॅरिस स्वतः ईटनचा, हॉर्नबी आणि वेब हॅरोचे. सिडनीला अंपायरच्या निर्णयावरून पब्लिक मैदानात घुसलं, हॅरिसला काठी बसली आणि हॉर्नबीने मारणाऱ्याला धरून ओढत नेलं. हा हॅरिस पुढे १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता, त्याच्याकडे परत येऊ.

आता एक प्रश्न पडतो की फुटबॉलमधेही ओल्ड बॉईज होतेच, त्यांचं काय झालं. ओल्ड इटोनियन्सनी, म्हणजे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांनी, १८७९ आणि १८८२ ला एफए कप जिंकलाय, चार्टरहाऊस शाळेच्या ओल्ड कार्थ्युशियन्सनी १८८१ ला. मग १८८३ च्या फायनलमधे ब्लॅकबर्न ऑलिम्पिकच्या गिरणी कामगार वगैरे पोरांनी इटोनियन्सना हरवलं, १८८५ ला पैसे घेऊन खेळणं कायदेशीर झालं आणि या साहेब लोकांचं राज्य संपलं. त्यांनी मग १९०३ च्या सुमारास आपल्यापुरता आर्थर डन कप काढून घेतला. क्रिकेटमधे असं झालं नाही कारण काउंटी क्रिकेटनेच अॅमॅच्युअरला मान देऊन ठेवला होता, कॅप्टन तोच, ड्रेसिंग रूम वेगळी, गेट वेगळं. त्यामुळे ओल्ड बॉईज क्लबांना कोणी आव्हानच दिलं नाही आणि ते आरामात पन्नास-साठ वर्षं चालले.

धक्का बसला तो पहिल्या महायुद्धाने. या शाळांची पोरं तरुण अधिकारी म्हणून आघाडीवर गेली आणि तिथे मरणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं होतं. ए. ई. जे. कॉलिन्सचं उदाहरण मुंबईकरांना माहीत असायला हवं. क्लिफ्टन कॉलेजच्या हाऊस मॅचमधे १८९९ मधे तेरा वर्षांच्या या पोराने नाबाद ६२८ केले, चार-पाच दिवस दुपारी दुपारी खेळून. ११ नोव्हेंबर १९१४ ला तो ईप्रच्या लढाईत मारला गेला. त्याचा विक्रम शंभरावर वर्षं टिकला आणि जानेवारी २०१६ मधे कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ करून तो मोडला.

दोन युद्धांच्या मधे आणि नंतर हवेल्या विकल्या गेल्या, कर वाढले, नोकरचाकर परवडेनात, आणि आठवडाभर सुट्टी काढून क्रिकेट खेळणारा माणूस दुर्मिळ झाला. १९६२ ला अॅमॅच्युअर-प्रोफेशनल हा भेदच क्रिकेटमधून काढून टाकला, जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स, म्हणजे अॅमॅच्युअर विरुद्ध व्यावसायिक, ही मॅच बंद पडली. १९६३ ला जिलेट कप आला, एका दिवसात निकाल. ओल्ड बॉईज क्लबांचं तोपर्यंत सगळं फ्रेंडली, पॉइंट नाहीत, टेबल नाही, कप नाही, आणि नवीन पोरांना हे बोअर व्हायला लागलं असणार. मग १९६७ ला द क्रिकेटर मासिकाने, जे १९२१ मधे पेलहॅम वॉर्नरने सुरू केलं होतं, द क्रिकेटर कप काढला, फक्त या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या क्लबांसाठी, नॉकआउट. गोल्फमधे हॅलफर्ड ह्युइट ही याच धर्तीची स्पर्धा १९२४ पासून होतीच. पहिल्या वर्षी १६ क्लब, पुढच्या वर्षी ३२.

पहिला कप रेप्टन पिलग्रिम्सने जिंकला. रेप्टन म्हणजे सी. बी. फ्रायची शाळा, आणि डोनाल्ड कारची. कार कोण? तर फेब्रुवारी १९५२ ला मद्रासला भारताने आयुष्यातली पहिली टेस्ट जिंकली, विनू मंकडने १२ विकेट काढल्या, त्या मॅचमधे आजारी हॉवर्डच्या जागी इंग्लंडचा कॅप्टन हा कार होता. रेप्टनचा अजून एक विद्यार्थी रिचर्ड हटन, लेन हटनचा मुलगा. लेन हटन १९५२ मधे इंग्लंडचा कॅप्टन झाला तेव्हा व्यावसायिकाला हा मान कसा दिला म्हणून चर्चा झाली होती, आणि त्याचा मुलगा रेप्टनला शिकून पिलग्रिम्सच्या हक्काचा झाला! एका पिढीत एवढा बदल. नंतर कपावर टनब्रिजचं नाव बरेचदा लागलं, ती काउड्री घराण्याची शाळा. कॉलिन काउड्री जन्मला उटीला, तेराव्या वर्षी लॉर्ड्सवर टनब्रिजकडून खेळला, मुलगा क्रिसही त्याच शाळेचा आणि १९८८ ला इंग्लंडचा कॅप्टन.

दुसरीकडे साध्या, म्हणजे फी न घेणाऱ्या ग्रामर स्कूल्सचे पण ओल्ड बॉईज क्लब होते, त्यांची वाट वेगळी झाली. १९६५ नंतर त्यातल्या बऱ्याच शाळा कॉम्प्रिहेन्सिव्हमधे (परीक्षा न घेता सगळ्यांना प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा) विलीन झाल्या, नवीन माजी विद्यार्थी येणंच थांबलं, त्याच सुमारास लीग क्रिकेट वाढलं. मग त्यांनी बाहेरच्यांना दारं उघडली, काहींनी नाव बदललं. त्यांच्याबद्दल फार कोणी लिहीत नाही, पण मला तरी रॅम्बलर्सपेक्षा या क्लबांचं जास्त कौतुक वाटतं, शाळा गेली तरी शनिवारची मॅच त्यांनी चालू ठेवली.

फीवाल्या शाळांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. तिकडे जेमतेम ७ टक्के मुलं खासगी शाळेत जातात आणि इंग्लंडच्या पुरुषांच्या क्रिकेट टीममधे मात्र ते प्रमाण कितीतरी जास्त. लॉर्ड्सचं मैदान ज्यांचं आहे त्या एमसीसी क्लबाने २०२२ मधे ईटन-हॅरो मॅच लॉर्ड्सवरून हलवायचं ठरवलं, मेंबरांनी एवढा आरडाओरडा केला की २०२३ मधे किमान २०२७ पर्यंत ती ठेवायची असं ठरलं. त्याच वर्षी जूनमधे इंग्लिश क्रिकेटमधल्या विषमतेवरचा मोठा अहवाल आला आणि त्यानेही ही मॅच लॉर्ड्सवर बंद करा असंच सांगितलं.

आता मुंबई. लॉर्ड हॅरिसच्या नावाची हॅरिस शील्ड १८९७ पासून, जाईल्स शील्ड १९०१ पासून, म्हणजे शालेय क्रिकेट आपण उचललं आणि त्यांच्यापेक्षा कडक करून दाखवलं. मग ओल्ड बॉईज क्लब का नाही उचलले? एक तर आपली शाळा डे स्कूल, पोरगा संध्याकाळी घरी, त्याची टीम वाडीतली, गल्लीतली. दुसरं म्हणजे हॅरिसच्या काळाच्या आसपास मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी जातवार-धर्मवार जिमखाने उभे राहात होते, पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. शाळेत पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन एका बाकावर आणि एका टीममधे खेळले तरी शाळा सुटल्यावर तुम्ही कोण हे जिमखाना ठरवणार. त्यातूनच पुढे धर्मवार टीमांच्या स्पर्धा आल्या, १९१२ ची चौरंगी, १९३७ ची पंचरंगी, जी १९४६ ला बंद झाली. तिकडे ओळखीचा दरवाजा, इकडे जन्माचा, आणि हिंदूंच्या टीममधेही दलित असलेल्या पळवणकर बाळूंना सगळ्यात भारी बॉलर असून कॅप्टन केलं नाही, भाऊ विठ्ठलला ते मिळालं १९२३ ला.

मग नोकरीचा धागा आला. टाइम्स शील्ड १९३० ची, बँका, रेल्वे, गिरण्या, टाटा, मफतलाल, निर्लॉन यांच्या टीम, क्रिकेट चांगलं खेळतोस तर नोकरी घे. १९४८ ला कांगा लीग, पावसाळ्यात, दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना, हे झाले खरे क्लब. गावसकर सेंट झेवियर्सचे, वेंगसरकर किंग जॉर्जचे, पण क्लब म्हटलं की दोघेही दादर युनियनचे. आणि तिसरा धागा कोचचा. सचिनने आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शाळाच बदलली, शारदाश्रमला आला, १९८८ मधे आझाद मैदानावर कांबळीबरोबर ६६४ ची पार्टनरशिप केली. जिथे पोरगा क्रिकेटसाठी शाळा बदलतो तिथे त्याची निष्ठा सरांच्या नेटशी असते आणि शाळा स्कोअरकार्डवर राहते.

त्यामुळे आता जे माजी विद्यार्थी संघ उत्साहाने शाळेच्या नावाची टीम काढतायत त्यांच्यामागे कुठलीही जुनी परंपरा नाही, ते नव्यानेच सुरुवात करतायत. त्यांची पहिली अडचण पण तीच जी १८६२ ला होती, मैदान नाही. फरक एवढाच की हवेलीवाला मित्र नाही, तासावर टर्फ बुक करावं लागतं, रात्री अकराचा स्लॉट स्वस्त पडतो आणि वर्गणी कोण गोळा करणार यावरून ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालते.