आंत्र-तंतुमयता

दाहक आंत्ररोगात (क्रोन्स आजार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांत) आतड्याच्या भित्तीत कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन गरजेपेक्षा जास्त साचून ती जाड, ताठर आणि अरुंद होत जाण्याची प्रक्रिया. क्रोन्स आजारात दाह भित्तीच्या सगळ्या थरांत उतरतो, म्हणून आतड्याला अडथळा येण्याचे प्रमाण त्यात अधिक. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची नेहमीची जागा. जेवणानंतर कळा येणे, पोट फुगणे, उलटी ही लक्षणे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही तंतू साचतात, पण ते मुख्यतः वरच्या थरांत.

अस्तर फाटले की जंतूंचे घटक आत शिरतात आणि रोगप्रतिकारक पेशी संदेशक प्रथिने सोडू लागतात. त्यांत टीजीएफ-बीटा-१ सर्वांत महत्त्वाचे. ते पेशींबाहेर निष्क्रिय रूपात पडून असते. पेशींच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन प्रथिने त्याला मोकळे करतात. ते पेशीवरच्या ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडले गेले की पेशीतली स्मॅड-२ व स्मॅड-३ ही प्रथिने केंद्रकात जाऊन कोलॅजेनची जनुके चालू करतात. तंतू बनवणाऱ्या साध्या फायब्रोब्लास्ट पेशी मग आकुंचन पावणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट होतात. या साखळीला लगाम घालणारे स्मॅड-७ हे प्रथिन सुजलेल्या अस्तरात वाढलेले आढळते, तर अरुंद झालेल्या भागावरच्या अस्तरात घटलेले. एकाच आतड्यात दाह आणि तंतुमयता वेगळ्या वाटेने जाऊ शकतात, हे यातून दिसते. अरुंद भागावरच्या त्याच अस्तरात टिंप-१ हे प्रथिन वाढते आणि साचलेले कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) अडवते. इंटरल्यूकिन-११, इंटरल्यूकिन-१३ आणि टीएल१ए या संदेशक प्रथिनांचाही हातभार लागतो. टीएल१एविरोधी प्रतिपिंडांच्या चाचण्या सध्या चालू आहेत. आतड्याला बाहेरून वेढणारी मेदऊतीही अलिप्त नसते.

भित्ती एकदा ताठर झाली की तो ताठरपणा पेशींना जाणवतो आणि दाह ओसरला तरी त्या कोलॅजेन बनवत राहतात. स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब या दाह दाबणाऱ्या प्रतिपिंड-औषधाने सूज उतरते, पण जुना तंतुमय वण विरघळत नाही, याचे हे एक मोठे कारण. आतड्याच्या तंतुमयतेवर मान्यताप्राप्त औषध अजून नाही. म्हणून दाहावर वेळीच उपचार होणे फार मोलाचे.

मुंबईत मात्र हा वेळ अनेकदा निदानातच जातो. परळ, शीव किंवा भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयांत पोटदुखी आणि वजन घटलेला रुग्ण आला की डॉक्टरांना आधी आतड्याच्या टीबीचा विचार करावा लागतो, आणि तो रास्तच आहे. तोही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळच बसतो, तोही आतडे अरुंद करतो. बायोप्सीत दोन्हींत ग्रॅन्युलोमा (रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके) दिसू शकतात. खात्री नसेल तर बहुधा टीबीची औषधे सुरू करून पाहतात. आजार क्रोन्स असेल, तर त्या महिन्यांत दाह आतून चालू राहतो आणि आतडे आणखी अरुंद होऊ शकते. उलट टीबी असताना इन्फ्लिक्सिमॅब दिले तर तो शरीरभर पसरण्याचा धोका. त्यामुळे नुसते बरे वाटण्यावर न थांबता, साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी) करून आतल्या जखमा भरल्या का, हे पाहणे आवश्यक ठरते.

अरुंद झालेला भाग आखूड असेल तर तो दुर्बिणीतून फुगा घालून रुंदावता येतो. आतडे न कापून टाकता उभा छेद घेऊन आडवे शिवण्याची स्ट्रिक्चरप्लास्टी भारतीय शल्यचिकित्सकांनी टीबीमुळे अरुंद झालेल्या आतड्यांवर वापरून 1977 मध्ये प्रसिद्ध केली. क्रोन्सच्या रुग्णांना ती नंतर मिळाली.